डिस्क आहे, पण विंडोजला दिसत नाही

प्रश्न : गुजरीतल्या आमच्या पेढीच्या, इंटेलच्या ११व्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर विंडोज १० नव्याने टाकताना डिस्कची यादी रिकामीच येते. डिस्क बिघडली असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डिस्कचे नाव दिसत असेल, तर ती बहुधा शाबूत आहे, घाईने नवी घेऊ नका. या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क इंटेलच्या व्हीएमडी या डिस्क हाताळणाऱ्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्रॅम, विंडोज १०च्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा हा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर उतरवून, त्यातील आयएनएफ (.inf) फाइल असलेले संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावे आणि त्या रिकाम्या यादीखालच्या ‘लोड ड्रायव्हर’मधून ते निवडावे. बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा मार्गही आहे, परंतु त्यानंतर आधीची विंडोज सुरू न होण्याचा धोका असल्याने, पेढीच्या हिशेबाची प्रत काढल्याशिवाय तो मला मान्य नाही.