नातवाचं नाव ईतामार

प्रश्न: ताई, आम्ही बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, भायखळ्याचे. सुनेनं बाळासाठी ‘ईतामार’ हे नाव ठरवलंय. आमच्यात सॅम्युअल, मोझेस खूप. हे कधी ऐकलं नाही. शेवटी ‘मार’ असल्यानं शाळेत पोरं चिडवतील, असं आमचे हे म्हणतात. — एक आजी

उत्तर: आजी, सुनेची निवड मला फार आवडली. मोझेसचा भाऊ आरोन, त्याच्या चार मुलांतला हा धाकटा. मराठी बायबलात ‘इथामार’ म्हणून सापडेल. थोरले दोघे, नादाब आणि अबीहू, देवापुढे भलता अग्नी नेऊन मेले. निवासमंडपाला, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूला, लागलेल्या सोन्यारुप्याचा हिशेब ईतामारच्या देखरेखीखाली झाला. केवढ्या विश्वासाचं काम!

१८८२ मध्ये जेरुसलेमला एलिएझर बेन-येहुदांना, हिब्रू पुन्हा बोलीभाषा करणाऱ्यांना, मुलगा झाला. घरात त्याच्याशी फक्त हिब्रू बोलायचं, असा बापाचा कडक नियम. त्याचं नाव बेन-झिऑन, पण पुढे त्यानं स्वतःच ईतामार बेन-आवी हे नाव घेतलं. आज इस्रायलमध्ये ईतामार सर्रास भेटतात.

आपल्याकडे नवं म्हणून बिचकू नका. १७९६ मध्ये मांडवीत मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर ‘सामाजी हसाजी’ झालेच ना? तुमचा ईतू होईल. आणि ‘मार’ तर कुमारमध्येही आहे, त्याला कोण चिडवतं?

फक्त इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवा, ‘टी’ की ‘टीएच’. जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच शाळेत आणि पासपोर्टवर जाऊ द्या.