प्रतिमान ‘संवेदनशील’ असते का?

एका पर्यावरण अहवालाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे : ‘हे विसरण प्रतिमान वाऱ्याच्या वेगाबाबत संवेदनशील आहे’ हे वाक्य बरोबर आहे का (विसरण प्रतिमान म्हणजे धूर हवेत कसा पसरेल हे गणिताने सांगणारे ‘मॉडेल’), आणि ‘इनपुट’ला, म्हणजे त्यात भरायच्या माहितीला, मराठीत काय म्हणावे?

‘संवेदनशीलता’ ही संज्ञा शास्त्रीय लेखनात रूढ झाली आहे, ती बदलण्याचे कारण नाही. वाक्य बिघडते ते ‘बाबत’ या शब्दाने. मराठीत सरकार शेतकऱ्यांच्या प्रश्नांबाबत संवेदनशील असते, म्हणजे त्याला त्या प्रश्नांची कळकळ असते. प्रतिमानाला वाऱ्याची कळकळ नसते. इथे ‘वाऱ्याच्या वेगास संवेदनशील’ असे म्हणावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे काय बदलले की काय किती बदलते, हे क्रियापदाने सांगावे.

नेहमीच्या गाऊसीय प्रतिमानाचेच उदाहरण घेऊ; लोटाच्या मध्यापासून दूर जाताना प्रदूषक घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विरळ होतो, असे ते मानते. धुराच्या लोटाची परिणामी उंची (धुराड्याची उंची अधिक त्यावर धूर जितका चढतो ती उंची) तीच राहिली असे धरले, तर वाऱ्याचा वेग दुप्पट केल्यावर प्रदूषकाची संहती, म्हणजे हवेतील प्रमाण, निम्मी होते. उंचीचे गणित मात्र इतके सरळ नाही, कारण ती सूत्राच्या घातांकात वर्गाने येते. कोणत्या अंतरावर लोट किती रुंदावतो हे सांगणारी ब्रिग्जची ग्रामीण भागासाठीची सूत्रे वापरून मी आकडेमोड केली : हवेची स्थिरता (स्थिर हवा वर-खाली कमी मिसळते) पास्क्विल वर्गीकरणातील ‘डी’, म्हणजे उदासीन, असताना परिणामी उंची ५० मीटरऐवजी ६० मीटर धरली, तर १ किलोमीटरवर जमिनीलगतची संहती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, १० किलोमीटरवर मात्र तोच फरक दोन-तीन टक्क्यांवर येतो. आणि ५० मीटर उंचीसाठी ‘डी’च्या जागी स्थिर ‘एफ’ वर्ग निवडला, तर १ किलोमीटरवरचे उत्तर शंभराहून अधिक पटींनी खाली जाते. म्हणून ‘प्रतिमान संवेदनशील आहे’ एवढेच लिहिणे मला अपुरे वाटते. कशास, किती अंतरावर आणि कोणत्या हवेत, हेही त्याच वाक्यात यायला हवे.

‘संवेदनशीलता’ आणि ‘अनिश्चितता’ यांची अदलाबदलही करू नये. उत्सर्जनाचा दर दुप्पट केला की उत्तर हमखास दुप्पट होते. ही संवेदनशीलता झाली. तो दर आपल्याला नेमका ठाऊक नसणे, ही अनिश्चितता.

‘इनपुट’साठी शेतीत ‘निविष्टा’ हा उत्तम शब्द आहे, पण तो ऐकताच बियाणे आणि खते डोळ्यांपुढे येतात. इथे ‘निविष्ट माहिती’ म्हणावे. ‘विसरण’ शालेय विज्ञानात रेणूंच्या पसरण्यासाठी वापरतात, तेव्हा वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या धुरासाठी ‘प्रदूषक-प्रसार’ अधिक नेमका ठरेल. अंतर आणि हवेचा तपशील अहवालातून भरायचा ठेवून आपले वाक्य मी असे लिहीन : ‘वाऱ्याचा वेग बदलला की या प्रदूषक-प्रसार प्रतिमानाचे उत्तर लक्षणीय बदलते.’