मॅथ्स शिकलं की क्वांट होता येतं का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ॲडमिशनचे दिवस आले की माझ्याकडे क्वांट होण्याबद्दल, म्हणजे बँका आणि फंडांत गणिताने किमती आणि रिस्क मोजायच्या नोकरीबद्दल, तेच तेच प्रश्न येतात. मी सतरा वर्षं मुंबईत एका बँकेच्या रिस्क मॉडेलच्या टीममध्ये होते, शेकडो मुलाखती घेतल्या, आणि दरवेळी वाटायचं की मुलं हुशार आहेत, फक्त यांना कोणीतरी चुकीचं सांगून पाठवलंय. म्हणून यावेळी सगळी उत्तरं एकत्र देतेय.

प्रश्न: बीएस्सी मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सातारा. इंजिनिअरिंग नसेल तर क्वांट होताच येत नाही असं मित्र म्हणतात, खरं आहे का?

उत्तर: नाही. मित्रांना विचारणं बंद कर. मास्टर्सला आयआयटीसाठी जॅम ही परीक्षा असते, आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात, तिन्हींचे सिलॅबस काढ आणि कॉलेजातल्या स्टॅटच्या सरांसोबत बसून तुझं काय कच्चं आहे ते बघ.

प्रश्न: एमएस्सी मॅथ्स पहिलं वर्ष, पुणे. टोपोलॉजी, गॅल्वा थिअरी, मेझर थिअरी, लिनिअर अल्जिब्रा, यातलं नोकरीत नक्की काय लागतं? सर म्हणतात सगळंच, सीनियर म्हणतो काहीच नाही.

उत्तर: दोघांचंही अर्धंच खरं. गॅल्वा थिअरी मला सतरा वर्षांत एकदाही लागली नाही. लिनिअर अल्जिब्रा मात्र रोज लागतं. एक साधं उदाहरण घे. ५०० शेअर्स आहेत आणि एका वर्षाचे म्हणजे साधारण २५० दिवसांचे रिटर्न्स आहेत, त्यांचा कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (कुठला शेअर कुठल्या शेअरसोबत किती हलतो याचा तक्ता) काढला तर त्यात १,२५,२५० वेगवेगळे आकडे येतात, दिसायला एकदम भारदस्त. पण त्याची रँक, म्हणजे त्यातल्या खरोखर स्वतंत्र ओळींची संख्या, २४९ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे त्याला इन्व्हर्स नाही. हे ज्याला माहीत नाही तो तसाच ऑप्टिमायझरमध्ये (कुठल्या शेअरमध्ये किती पैसे घालायचे ते काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकतो आणि कॉम्प्युटर कागदावर शून्य रिस्कचा पोर्टफोलिओ काढून देतो! रँकचा जो धडा आपण परीक्षेपुरता करतो ना, तो इथे लोकांचे पैसे वाचवतो.

आणि थिअरीचं म्हणशील तर २० एप्रिल २०२० आठव. अमेरिकेत क्रूडचा फ्युचर (पुढच्या तारखेच्या खरेदीचा करार) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, आपल्या एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजलाही त्या महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट उणे २,८८४ रुपयांना सेटल करावं लागलं. ऑप्शनची (ठरलेल्या भावाला घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची) किंमत काढायच्या नेहमीच्या फॉर्म्युल्यात किमतीचा लॉग घेतात, आणि उण्या आकड्याचा लॉग कुठून आणणार? सीएमई एक्स्चेंजने २२ एप्रिलपासून त्या ऑप्शन्ससाठी बॅशेलिएचं मॉडेल लावलं, ज्यात उणी किंमतही चालते आणि जे १९०० सालच्या पॅरिसच्या एका पीएचडी प्रबंधातलं आहे. ज्याला फॉर्म्युल्यामागचं गृहीतक माहीत होतं त्याला अडचण कुठे आहे ते लगेच कळलं, ज्याने नुसता फॉर्म्युला पाठ केला होता तो स्क्रीनवरच्या एररकडे बघत बसला. तेव्हा मेझर थिअरी सोडू नकोस, पण जोडीला प्रोबॅबिलिटी, रिग्रेशन आणि न्यूमरिकल ॲनालिसिस घेच. इलेक्टिव्ह ठरवण्याआधी डिपार्टमेंटमध्ये बोलून घे.

प्रश्न: पायथन की सी प्लस प्लस?

उत्तर: आधी पायथन.

प्रश्न: मुलगी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झाली, आम्ही नाशिकला असतो. एक इन्स्टिट्यूट सहा महिन्यांचा क्वांट कोर्स देते, फी साडेतीन लाख, हप्ते तेच करून देतात, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स आहे. सोबत ब्रोशरचा फोटो पाठवतोय. रविवारपर्यंत सीट बुक करायची आहे. पैसे भरू का?

उत्तर: नका भरू, निदान या रविवारपर्यंत तरी अजिबात नाही. ज्या कोर्सला तुमचा विचार करून व्हायच्या आत पैसे हवे असतात त्याच्याबद्दल मला पहिली शंका तिथेच येते.

असिस्टन्स म्हणजे नोकरी नाही, बायोडाटा चार ठिकाणी पाठवला तरी तो असिस्टन्सच झाला. मागच्या दोन बॅचमधले किती जण लागले आणि कुठल्या पदावर, हे लेखी मागा, आणि त्यातल्या दोघांशी तिला स्वतः बोलू द्या. हप्त्यांचं तर नीट समजून घ्या, हे कर्ज बहुतेक वेळा वेगळ्या फायनान्स कंपनीचं असतं, मुलीने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ता चालूच राहतो. सही करण्याआधी तो करार तुमच्या सीएला दाखवा.

आता ब्रोशरवरचा तो वर वर जाणारा ग्राफ. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की निफ्टीच्या आजच्या ५० कंपन्या घेऊन २००५ पासून टेस्ट केलीय. अहो, आजच्या यादीत तेच आहेत जे टिकले! २००५ मध्ये त्या यादीत सत्यम होती, जानेवारी २००९ मध्ये घोटाळा बाहेर आला, शेअर एका दिवसात कोसळला आणि कंपनी निफ्टीतून बाहेर. तो तोटा या ग्राफमध्ये कुठेच नाही. शिवाय शंभर फालतू स्ट्रॅटेजी तपासल्या तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर चार-पाच निव्वळ योगायोगाने चांगल्या दिसतात, त्यातली एक छापायची की झालं ब्रोशर. आणि हेच ग्राफ बघून लोक घरचे पैसे घेऊन ऑप्शन्समध्ये उतरतात. सेबीने २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या) ९३ टक्के सामान्य ट्रेडर्सचं नुकसान झालं, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ज्यांना हे ग्राफ विकले जातात त्यांच्याकडे गमवायला फार काही नसतंच.

असाच एक कोर्स केलेला मुलगा माझ्याकडे मुलाखतीला आला होता. ऑप्शनची किंमत काढायचा ब्लॅक-शोल्सचा फॉर्म्युला एका दमात लिहिला, अक्षरही सुंदर. मी विचारलं, यातला हा सिग्मा, म्हणजे व्होलॅटिलिटी, भाव किती वर-खाली होतो त्याचं माप, आज सकाळी तू कुठून आणशील? गप्प. फी भरायला घरच्यांनी सोनं गहाण ठेवलं होतं, ते नंतर चहा पिताना त्याने सांगितलं.

तुमच्या मुलीकडे स्टॅटिस्टिक्सची डिग्री आहे, म्हणजे पाया आहेच. तिला एनएसईचा जुना डेटा घेऊन एक छोटं काम करू द्या, अगदी दोन शेअर्सची व्होलॅटिलिटी मोजायची म्हटली तरी चालेल, आणि तिच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांना दाखवू द्या. मग कोर्स लागतो का ते ठरवा.

प्रश्न: जिम सायमन्ससारखं व्हायचंय. पीएचडी करावीच लागेल ना?

उत्तर: सायमन्स भूमितीतले मोठे गणिती होते, चर्न-सायमन्स थिअरी त्यांच्याच नावाची, आणि १९७८ मध्ये ते ट्रेडिंगकडे वळले. पण रेनेसांस या त्यांच्या फंड कंपनीत त्यांनी घेतलेली माणसं बघ, त्यात आयबीएममध्ये स्पीच रेकग्निशनवर काम केलेले लोकही होते, म्हणजे गोंगाटातून सिग्नल शोधायची सवय असलेले. रिसर्चच्या काही जागांना पीएचडी मागतात, रिस्क आणि मॉडेल व्हॅलिडेशनच्या बऱ्याच जागांना मास्टर्स चालते. एक प्रश्न पाच वर्षं धरून बसायची खरी आवड असेल तरच पीएचडी कर, आणि गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल.

प्रश्न: आत्ता सीजीपीए सांभाळतोय. प्रोबॅबिलिटी एमएस्सी झाल्यावर केली तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. दोन वर्षांनी मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत विचारतील की नाणं उडवत राहिलो तर लागोपाठ छापा-छापा यायला सरासरी किती वेळा उडवावं लागेल आणि छापा-काटा यायला किती. बहुतेक जण म्हणतात सारखंच. पहिल्याला सहा लागतात, दुसऱ्याला चार. कारण छापा-काटा शोधताना पहिल्या छाप्यानंतर परत छापा आला तरी तो हातात राहतोच, पण छापा-छापा शोधताना काटा आला की सगळं पहिल्यापासून. सहा कसे येतात त्याची समीकरणं आज रात्री स्वतः मांड, आणि नाही सुटलं तर उद्या वही घेऊन सरांकडे जा.