आगीआधी पाहिलेल्या पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची आठवण लिहायला बसताय?

लिहाच! फक्त सुरुवात इतिहासाने नको, तो कुठेही मिळतो. आधी जुने फोटो काढा. १५ एप्रिल २०१९ ला टीव्हीवर पाहिलेली आग आपल्या आठवणीत बेमालूम घुसते, ती बाजूला ठेवा.

नवखे हमखास इथे घसरतात:

- कोसळलेला मनोरा मध्ययुगीन नव्हता. १९व्या शतकातला, वास्तुकार व्हियोले-ल-द्यूकचा.
- छपराचा जळालेला ओक लाकडाचा सांगाडा खालून दिसायचाच नाही, मध्ये दगडी कमानी होत्या. 'पाहिला' म्हणून ठोकून देऊ नका.

तुमच्याकडचा खरा ऐवज म्हणजे आतला काळोख. धुळीने, काजळीने काळवंडलेल्या त्या भिंती आता धुऊन लख्ख झाल्यात. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं, त्यानंतर जाणाऱ्याला तो काळोख दिसायचा नाही. तिथे खुशाल दोन परिच्छेद खर्च करा. शुद्धलेखन नंतर बघू.