तिवरांतली भरणी आणि २१वं कलम

मुंबईत चारकोपमागच्या खाडीत रात्री डंपर येऊन तिवरांत, म्हणजे खारफुटीच्या झाडीत, डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) टाकतात, तर पर्यावरण हा मूलभूत हक्क म्हणून थेट हायकोर्टात जाता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. पण पहिला प्रश्न हाच येईल की आधी कुणाकडे तक्रार केली होती आणि पोच कुठाय.

असा हक्क राज्यघटनेत शब्दांत लिहिलेला नाही. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीने आलेलं ४८ अ हे सरकारसाठी मार्गदर्शक तत्त्व, ५१ अ (ग) हे नागरिकांचं कर्तव्य. हक्क निघाला तो जगण्याच्या हक्काच्या २१व्या कलमातून. सुप्रीम कोर्टाच्या १९९१च्या सुभाष कुमार निकालाने स्वच्छ हवा-पाणी जगण्याच्या हक्कात धरलं. गंमत म्हणजे ती याचिका मात्र फेटाळली गेली, कारण मागे खाजगी राग दिसला. तेव्हा शेजारच्या बिल्डरशी सोसायटीचं जुनं भांडण असेल तर ते अर्जात आणू नका.

तुमच्या जास्त कामाचा आहे मुंबई हायकोर्टाचा २०१८चा निकाल. तिवरं नष्ट करणं हा २१व्या कलमाचा भंग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मालकी कुणाचीही असो, तिथे भरणी नाही आणि भोवतालच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही. ‘जागा खाजगी आहे हो’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

आता पुरावा. भरणी करणाऱ्यांना तिवरं कापायची गरजच पडत नाही. नाल्याच्या तोंडाशी डेब्रिजचा बांध घातला की भरतीचं पाणी आत येत नाही, झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि दोन वर्षांनी ‘इथे तिवरं नव्हतीच’ म्हणायला मोकळे. म्हणून डंपरपेक्षा त्या बांधाचे फोटो घ्या: एकाच जागेवरून, भरतीला आणि ओहोटीला, तारीख आणि लोकेशनसह. गूगल अर्थवरची जुनी चित्रंही जोडा. अर्ज उपनगर जिल्हाधिकारी, वनखात्याचा कांदळवन (म्हणजे तिवरांचा) कक्ष आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे द्या. आवक क्रमांकाशिवाय काउंटर सोडू नका.

राष्ट्रीय हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या न्यायाधिकरणाचं, पुण्याचं खंडपीठही आहे, पण तिथे वाद उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, त्यामुळे पहिली भरणी कधी दिसली ते आजच लिहून ठेवा. आणि अर्जावर एकट्याची सही नको, सोसायटीच्या लेटरहेडवर पाचसात जणांची घ्या. डंपरवाल्यांना नाव कळायला वेळ लागत नाही.