बियाणे माळरानावरचे, माती हलकी

परागवाहक कीटकांसाठी बाग करण्याचे तुम्ही ठरविले आहे, तेव्हा विकतच्या शोभेच्या बियाण्यांआधी मराठवाड्यातील माळरानांवर आणि बांधांवर सहज वाढणारे तरवड, खुळखुळा व रुई यांचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. घाणेरीवरही फुलपाखरे येतात, परंतु ती परदेशी असून बेफाम पसरते. ती लावू नये.

तरवडाच्या शेंगा पूर्ण वाळल्यावरच बी काढावे. त्याचे कवच इतके टणक असते की तसेच पेरल्यास ते दीर्घकाळ निपचित पडून राहते. म्हणून उकळी आलेले पाणी विस्तवावरून उतरवून त्यात बी टाकावे, रात्रभर भिजू द्यावे आणि सकाळी फुगलेले बी लगेच पेरावे. न फुगलेले बी काचकागदावर हलके घासून पुन्हा भिजवावे.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते, त्यामुळे रोपांच्या पिशव्यांत ती एकटी भरू नये. वाळू आणि कुजलेले शेणखत अवश्य मिसळावे. पेरणी मे अखेरीस केल्यास पावसात रोपे जमिनीत लावता येतात.

तरवडाच्या फुलांत मध नसतो. भुंगे पंखांचे स्नायू थरथरवून त्यातील पराग झाडून घेतात. मधासाठी शेजारी तुळस हवीच. तिचे बारीक बी मातीत न पुरता वर भुरभुरावे. रुईची पाने अळ्यांनी कुरतडली, तरी फवारणी करू नये, कारण त्याच अळ्यांची केशरी फुलपाखरे होतात.