कोंडाबाई कोण?

(पेन्शनीचे प्रश्न: उत्तरं देणारे निवृत्त सुभेदार आहेत. नोकरीतली २२ वर्षं त्यांनी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत, क्लार्कची कामं केली. वाचकांची आडनावं आणि गावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.)

प्रश्न : सुभेदारसाहेबांना नमस्कार. आजी सांगते आणि मी लिहिते. आम्ही पाटण तालुक्यातले. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. १९५७ला भरती झाले, १९७४ला पेन्शनीवर घरी आले. १९६२च्या उन्हाळ्यात सुट्टीवर आले तेव्हा लग्न झालं. थोरले काका कोयनेच्या भूकंपानंतर दीड महिन्यानं तंबूत जन्मले, असं आजी सांगते. आजोबा गेल्या वर्षी आषाढात वारले, वय ८६.

ते गेल्यावर चुलत्यांनी दोन महिने एटीएममधून पेन्शन काढली. कळवायचं असतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग पैसे यायचे बंद झाले. बँकेत गेलो तर म्हणतात, आता आमच्या हातात काही नाही, सगळं ‘स्पर्श’ ह्या सैन्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर गेलं. चौथ्या फेरीला आजीला बाकावर तीन तास बसवून ठेवलं. शेवटी बेळगावला आजोबांच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं. त्यांचं उत्तर इंग्रजीत आलं : आमच्या नोंदीप्रमाणे पत्नीचं नाव कोंडाबाई आहे, कोंडाबाईंची कागदपत्रं पाठवा.

आजीचं नाव शालन. आधार, रेशन कार्ड, मतदान कार्ड, सगळीकडं शालनच. घरात दोन दिवस कुजबुज चालली, ही कोंडाबाई कोण म्हणून. धाकट्या काकीनं तर आजोबांच्या बदल्या कुठं कुठं झाल्या होत्या त्याची चौकशी सुरू केली. शेवटी आजीला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, “मीच की गं ती. माहेरचं नाव. आई गेल्यापासनं त्या नावानं कुणी हाकच मारली न्हाई.”

आता पेन्शन कुणाला मिळणार, शालनला की कोंडाबाईला?

उत्तर : दोघींना मिळणार, पोरी, कारण दोघी एकच आहेत. एवढंच आता कागदावर दाखवायचं आहे. आणि तुझ्या काकीला सांग, आजोबा साफ सुटले.

हे कसं झालं असेल ते मी इथं बसून सांगू शकतो. जवान सुट्टीवर आला, लग्न झालं, परत जाताना लग्नाचा दाखला खिशात घालून गेला. तो दाखला दिला असणार मुलीच्या गावच्या पाटलानं. त्यानं तुझ्या आजीला परकरात हिंडताना पाहिलेलं, त्यानं कोंडाबाई लिहिलं. इकडं सासरी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ‘शालन’ लिहिलं. पण ते ताट काही पलटणीपर्यंत पोचलं नाही. पलटणीच्या क्लार्कनं हातातल्या दाखल्यावरून पार्ट टू ऑर्डर काढली. लग्न, मूल, मृत्यू असं जवानाच्या घरात जे घडेल त्याची नोंद ह्या ऑर्डरीनं होते. ती बेळगावला आली, शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रावर, चढली आणि साठ वर्षं तिथंच राहिली. कुणी चूक केली म्हणावं असं यात काही नाही.

असल्या नोंदी मी स्वतःच्या हातानं चढवल्यात. क्लार्क पंजाबचा नाहीतर केरळचा असला की आणखी मजा. शेवंताची सेवंती होते, ठकूबाईची टाकूबाई. एका जवानाच्या बायकोचं नाव आमच्याकडं नुसतं ‘वहिनी’ असं लागलं होतं, कारण घरून माहिती लिहून पाठवणारा धाकटा दीर होता. त्या बाईंचं काम व्हायला मात्र दीड वर्ष गेलं, तेव्हा हसून सोडून देऊ नका.

आता काम. प्रतिज्ञापत्र लागेल : कोंडाबाई आणि शालन ही एकच व्यक्ती, अमुक नंबरच्या शिपायाची कायदेशीर पत्नी. ते नुसतं नोटरीकडचं नेलं तर बरेचदा परत येतं. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं असावं. आधी रेकॉर्ड ऑफिसकडून त्यांचा नमुना मागवून घ्या आणि त्यातला शब्दही बदलू नका. आजोबांचं नाव डिस्चार्ज बुकात (नोकरीतून सुटताना मिळालेल्या पुस्तकात) जसं आहे अगदी तसंच लिहा. जुन्या भरतीत पुष्कळांचं नुसतं नाव आणि आडनाव लागलंय, वडलांचं नाव मध्ये नाही. तुम्ही हौसेनं पूर्ण नाव लिहाल आणि तिसरा माणूस तयार कराल.

प्रतिज्ञापत्राला जोड हवी. माहेरच्या सरपंचाचा किंवा पोलीस पाटलाचा दाखला मिळाला तर चांगलंच. पण तुझ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस ती ओळ मला जास्त मोलाची वाटते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. म्हणजे थोरले काका १९६८च्या जानेवारीअखेरीस जन्मले. आजोबा तेव्हा नोकरीत होते, म्हणून त्या जन्माचीही पार्ट टू ऑर्डर निघाली असणार. रेकॉर्डमध्ये तो मुलगा कोंडाबाईचा. गावच्या जन्मनोंदीत तोच मुलगा, तीच तारीख, आणि आईचं नाव बहुधा शालन. जन्माचा उतारा काढून प्रतिज्ञापत्राला लावा आणि अर्जात स्पष्ट लिहा : ‘मुलाच्या जन्माच्या आपल्याकडील नोंदीशी ताडून पाहावे.’ ताडून पाहणं हेच क्लार्कचं काम, ते त्याला सोपं करून द्या. नाव बदलल्याचं गॅझेट मात्र आपणहून करायला जाऊ नका. मागितलं तर बघू.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार : आजोबा ५१ वर्षं पेन्शन खात होते, तर आजीचं नाव त्यांच्या पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदात, कसं नाही? १ मार्च १९८५पासून पुढं जे पेन्शनीवर आले त्यांच्या पीपीओतच पत्नीचं नाव आणि कुटुंब पेन्शन लिहून येऊ लागली. त्याआधीच्या माणसांनी हयातीत रेकॉर्डला लिहून ती सुधारणा करून घ्यायची असते. हजारोंनी केली नाही. बायको समोर चुलीपाशी बसलेली, तिची नोंद कसली करायची, असं त्यांना वाटलं असेल. हा मजकूर वाचणारे आणि १९८५च्या आधी सुटलेले कुणी आजोबा असतील, तर त्यांनी आज संध्याकाळी पीपीओ काढून बघावी. बायकोचं नाव आहे का, जन्मतारीख आहे का, आणि ते नाव आधारशी जुळतं का.

आजोबांच्या पीपीओत आजीचं नाव नाही, त्यामुळं तुमचा दावा बेळगावहून प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयात जाईल आणि तिथून आजीच्या नावाची नवी पीपीओ निघेल. पैसे ‘स्पर्श’मधून थेट खात्यात येतील. बँकेतला माणूस तुम्हाला टाळत होता हे खरं, पण बोलला ते बऱ्यापैकी बरोबर होतं. यापुढं आजीला बँकेच्या बाकावर बसवू नकोस. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. बरोबर आजोबांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ, मृत्यूचा दाखला, आजीचं आधार, पॅन, तिच्या एकटीच्या खात्याचं पासबुक आणि फोटो ने. पॅन नसेल तर आधी काढ, आणि त्यावर नाव आधारसारखंच येऊ दे, नाहीतर अजून एक बहीण जन्माला येईल.

किती मिळेल? कुटुंब पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, पण मूळ रक्कम ९,००० रुपयांच्या खाली जात नाही. त्यावर महागाई भत्ता. नवरा लवकर गेला तर काही वर्षं वाढीव दर मिळतो, तो आजोबांच्या वयामुळं इथं लागू नाही. दुसरी वाढ मात्र लागू आहे. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनीवर २० टक्के, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरी गाठली की दुप्पट. आजीची आधारवरची तारीख तू १ जानेवारी १९४६ कळवलीस, म्हणजे २०२६च्या जानेवारीपासून २० टक्के. पण १ जानेवारी ही आधारवाल्यांनी अंदाजानं टाकलेली तारीख असते हे तुला मला ठाऊक आहे. लग्नाच्या वेळी रेकॉर्डमध्ये कोंडाबाईचं वय काय लागलंय ते आधी विचारून घ्या आणि मगच प्रतिज्ञापत्रात जन्मतारीख घाला. एकदा शपथेवर लिहिली की तुम्हीच तिला बांधले गेलात.

चुलत्यांनी काढलेल्या दोन महिन्यांचं ओझं घेऊ नका. मृत्यूची तारीख आणि काढलेली रक्कम लेखी कळवा. कुटुंब पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते. थकबाकी निघेल, तिच्यातून जादा गेलेलं वळतं होईल. लपवलं तरच अडचण.

प्रश्न : मी पलूस भागातली, वय ७६. आमचे मालक खडकीला बीईजीत, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत, सॅपर (शिपाई) होते. ६५च्या लढाईत होते. घरी करतंसवरतं कुणी नव्हतं म्हणून आठ वर्षांनी नाव कापून आले. डिस्चार्ज बुक २०१९च्या पुरात गेलं, नंबर कुणाला पाठ नाही. मला पेन्शन मिळेल का?

उत्तर : वहिनी, पेन्शन मिळणार नाही. आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना आस लागून राहणार नाही. पेन्शनीला १५ वर्षांची नोकरी लागते. रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव सैनिकांत, राहून १५ भरलेल्यांची गोष्ट वेगळी, पण मालक स्वतः मागून सुटले. त्यांना पेन्शन नाही, म्हणून तुम्हालाही नाही.

पण दुसरी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड वयाच्या ६५ वर्षांपुढच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत देतं. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांना. महिन्याला ४,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ते ८,००० झाले. अर्ज तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

त्यासाठी नंबर शोधायला हवा. मालकांची काळी ट्रंक आहे का? झाकणावर किंवा पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव रंगवलेलं असतं. वरून पुन्हा रंग मारला असला तरी दुपारच्या उन्हात तिरकं पाहा, खालची अक्षरं उठून दिसतात. ट्रंकही पुरात गेली असेल तर पदक शोधा. ६५चं रक्षा पदक असलं तर त्याची कड बोटानं चाचपा. रुपयाच्या कडेसारखी ती गुळगुळीत लागणार नाही, बारीक खोदकाम लागेल. तिथं नंबर आणि नाव असतं. लिंबानं घासू नका, ओल्या फडक्यानं पुसून नातवाला मोबाइलवर फोटो मोठा करून वाचायला सांगा.

नंबर मिळाला की खडकीच्या रेकॉर्डला पत्र. ‘कागदपत्रं नष्ट केली आहेत’ असं उत्तर येऊ शकतं. पेन्शन नसलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी खरंच नष्ट करतात. तिथं थांबू नका. ‘लाँग रोल’ नावाचं रजिस्टर कायम ठेवलेलं असतं, त्यात प्रत्येक भरती माणसाची ओळ असते. पत्रात नाव घेऊन लिहा : लाँग रोलवरून नोकरीचा दाखला मिळावा.

प्रश्न : एक गृहस्थ आईची थकलेली कुटुंब पेन्शन काढून देतो म्हणतात. थकबाकीच्या १५ टक्के मागतात. द्यावेत का?

उत्तर : नाही. सैनिक कल्याण कार्यालय हे काम फुकट करतं. माझ्या सख्ख्या मावशीनं मला न सांगता अशा एकाला चार हजार दिले होते. त्यानं काय केलं, तर मीच भरून दिलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढून पुन्हा त्याच ऑफिसला पाठवली. दोन अर्ज झाले, दोन्ही अडकले. मूळ पीपीओ आणि डिस्चार्ज बुक त्यांच्याकडं दिलं असेल तर उद्या सकाळी जाऊन परत आणा, आणि आईचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतलाय का तेही विचारा.